परवाना दुकानाचा, प्रमाणपत्र हाताचे

(परभणी जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



पीकविमा, शेतमालाचे भाव आणि स्थानिक स्वराज्य संस्थांचे राजकारण असे भारदस्त विषय समोर असताना वीजकाम करणाऱ्या कारागिरांच्या प्रमाणपत्राचा प्रश्न अभ्यासवर्गात कशासाठी, असे काहींच्या मनात आले असेल. त्यांना मी एवढेच सांगेन की, ज्या श्रमिकाला मालक नाही, कारखाना नाही, हजेरीपट नाही, त्याच्याविषयी आपल्या चळवळीने नेहमीच संदिग्ध भूमिका घेतलेली आहे. तो मजूर म्हणावा तर स्वतःच्या नावाने काम घेतो. कंत्राटदार म्हणावा तर स्वतःच शिडीवर चढतो. गंगाखेड, जिंतूर, सेलू, मानवत अशा कोणत्याही तालुक्याच्या गावी बाजारपेठेत जा. मोटारसायकलच्या डिकीत पक्कड, टेस्टर आणि चिकटपट्टीची गुंडाळी घेऊन हिंडणारे हे तरुण तुम्हाला दिसतील. कोणाचे घर नवे झाले, कोणाची मोटार जळाली, कोणाचा स्टार्टर अडकला की गाव त्यांनाच हाक मारते. त्यांच्यापैकी कित्येकांकडे कसलाही कागद नसतो. काहींनी खटपट करून विद्युत कंत्राटदाराचा परवाना मिळवलेला असतो. प्रश्न या दुसऱ्या गटावरून निघाला. ज्याच्याकडे कंत्राटदाराचा परवाना आहे, त्याने पुन्हा स्वतःच्या कौशल्याचे निराळे प्रमाणपत्र का दाखवावे?

आपल्या कार्यकर्त्यांत यावर दोन मते आहेत. एक मत असे की, आणखी एक प्रमाणपत्र म्हणजे आणखी एक खिडकी, आणखी एक दलाल आणि गरिबाच्या पोरावर आणखी एक पाय. दुसरे मत याच्या टोकाचे. प्रमाणपत्राशिवाय कोणालाही तारेला हात लावू देऊ नये, लावला तर गुन्हा नोंदवावा. पहिल्या मताशी माझी सहानुभूती आहे, पण त्याचा निष्कर्ष मला मान्य नाही. दुसऱ्याचा निष्कर्ष बराचसा मान्य आहे, पण त्यातील दंडुक्याची भाषा ज्याच्या पाठीवर पडेल तो माणूस चुकीचा आहे. हे का, ते सांगण्यासाठी आधी कायदा पाहिला पाहिजे, कारण या चर्चेत कायद्याविषयीच मोठा गैरसमज आहे.

भारतीय विद्युत नियम १९५६ साली झाले. आपला जिल्हा हैदराबाद राज्यातून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात आला तेही त्याच वर्षी, म्हणजे या नियमांखाली आपण आलो तेव्हा आपल्या बहुसंख्य गावांत विजेचा दिवा लागायचा होता. त्या नियमांतील ४५ वा नियम असा की, ग्राहकाच्या जागेतील वीजसंचाचे काम, मग ते नवे असो, वाढीव असो किंवा दुरुस्तीचे असो, राज्य शासनाचा परवाना असलेल्या विद्युत कंत्राटदारानेच करावे; ते सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली व्हावे; आणि प्रत्यक्ष हात लावणाऱ्याकडे स्वतःचा परवाना असावा. दिवा, पंखा, फ्यूज, बटण अशा वस्तू संचाची क्षमता न बदलता जागच्या जागी बदलणे तेवढे यातून वगळले होते. विद्युत अधिनियम २००३ आल्यानंतर केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०१० साली सुरक्षाविषयक विनियम केले, पुढे २०२३ साली त्यांच्या जागी नवे विनियम आले. भाषा बदलली, कलमांचे क्रमांक बदलले. परंतु कंत्राटदार, पर्यवेक्षक आणि तारतंत्री ही तिपेडी रचना तशीच राहिली. (तारतंत्री हा सरकारी मराठीने घडवलेला शब्द. परवान्यावर आणि परीक्षेच्या जाहिरातीत तो असतो. वायरमनला मात्र गावात कोणी तारतंत्री म्हटलेले मी ऐकलेले नाही.)

यावरून उघड होते की, कायद्याच्या दृष्टीने आपला प्रश्न मुळात चुकीचा मांडला गेला आहे. कंत्राटदाराचा परवाना हा कौशल्याचा दाखला नव्हेच. तो धंद्याचा परवाना आहे. परवानाधारकाने योग्य ती माणसे ठेवावीत, वेष्टणाचा रोध मोजणारा मेगर आणि जमिनीतील जोडणी तपासणारा अर्थ टेस्टर यांसारखी उपकरणे बाळगावीत, कामाची जबाबदारी पत्करावी, अशी अपेक्षा असते. तो स्वतः जोड मारू शकतो की नाही, हे त्या परवान्याला ठाऊक नसते. किराणा दुकानाचा मालक असावा तसा तो विद्युत कंत्राटाचा मालक असू शकतो.

ज्यांना हे क्लिष्ट वाटत असेल त्यांनी ऑटोरिक्षाचे उदाहरण घ्यावे. रिक्षाचा परमिट वेगळा आणि चालकाचा बिल्ला वेगळा. परमिट एकाच्या नावे असतो आणि रिक्षा दुसरा चालवतो; परमिटवाला घरी बसून रोजचे भाडे घेतो. आता समजा, एखादा परमिटवाला स्वतःच रिक्षा चालवू लागला. परमिट आहे म्हणून त्याला वाहन चालवण्याच्या अनुज्ञप्तीतून आणि बिल्ल्यातून सूट द्यावी असे कोणी म्हणेल काय? उलट आपण म्हणू की, परमिट असो नसो, रस्त्यावर चाक फिरवणाऱ्याला चाक फिरवता आले पाहिजे. वीजकामाचेही तेच आहे. परवाना दुकानाचा असतो; प्रमाणपत्र हाताचे असते.

येथपर्यंत तर्क सरळ आहे. अडचण येथून पुढे सुरू होते.

१९५६ च्या नियमांनी डोळ्यांपुढे ठेवला होता तो शहरातील पेढीवजा कंत्राटदार. कचेरीत मालक, जागेवर पर्यवेक्षक, शिडीवर वायरमन. सोनपेठ किंवा पालम तालुक्यातील एकट्या कारागिराच्या बाबतीत हे तिघेही एकाच देहात नांदतात. त्याने स्वतःची देखरेख स्वतः कशी करावी? पर्यवेक्षकाचे प्रमाणपत्र मिळवण्याइतके त्याचे शिक्षण नसते, पगारी पर्यवेक्षक ठेवण्याइतके उत्पन्न नसते. मग व्यवहारात काय होते? कागद एकाचा, हात दुसऱ्याचे. नव्या वीजजोडणीच्या अर्जासोबत परवानाधारक कंत्राटदाराच्या सहीचा चाचणी अहवाल, म्हणजे आपण ज्याला टेस्ट रिपोर्ट म्हणतो तो, जोडावा लागतो. हा अहवाल म्हणजे वेष्टणाचा रोध मोजला, अर्थिंग तपासले, जोडणी सुरक्षित आढळली, अशी जबाबदार माणसाने दिलेली हमी. आपल्यापैकी किती जणांच्या घरी त्या सहीचा धनी मेगर घेऊन आला होता? हात वर करा म्हणत नाही, कारण उत्तर आपल्या सर्वांना माहीत आहे. सहीचे पैसे ठरलेले असतात, फॉर्म कोरा आलेला असतो आणि घर न पाहता घराच्या सुरक्षिततेची ग्वाही दिली जाते. ज्याने भिंतीत नळी घातली, तार ओढली, रात्री उशिरापर्यंत खपला त्याचे नाव त्या कागदावर कोठेही नसते. उद्या त्या घरात कोणी दगावले तर सही करणारा म्हणतो, माझ्यानंतर कोणीतरी फेरफार केला. आणि काम करणारा तर कायद्याच्या लेखी अस्तित्वातच नसतो. पण पोलीस मात्र त्याच्याच दारात येतात.

हे शोषण आहे, आणि ते नेहमीच्या वेशात येत नाही म्हणून आपल्या नजरेतून सुटते. भांडवल येथे यंत्राचे किंवा जमिनीचे नाही. ते सहीचे आहे. ज्याच्याकडे कागद आहे तो कागदाचे भाडे खातो आणि ज्याच्याकडे कसब आहे तो ते भाडे भरतो. म्हणून जे मित्र म्हणतात की, कौशल्याचे प्रमाणपत्र मागणे म्हणजे गरिबाची वाट अडवणे, त्यांना मी विचारतो की, आज त्याची वाट मोकळी आहे काय? प्रमाणपत्र त्याच्या स्वतःच्या नावाचे नसल्यामुळेच त्याला दुसऱ्याच्या सहीखाली राबावे लागते.

याच साखळीतील आणखी एक दुवा म्हणजे ज्याला आपल्याकडे ‘झिरो वायरमन’ म्हणतात तो. महावितरणच्या लाईनमनकडे गावे अनेक आणि तो एकटा. मग गावातलाच एखादा धाडसी मुलगा त्याच्यासाठी डीपीवर फ्यूज टाकतो, खांबावर चढतो, तुटलेली तार जोडतो. मोबदला कोणी शेतकरी देईल तो. त्याचे नाव कोणत्याही नोंदवहीत नाही, म्हणून झिरो. सरकारने या प्रश्नाची दखल घेतली नाही असे नाही. लहान ग्रामपंचायतींत आय.टी.आय. झालेला ग्रामविद्युत व्यवस्थापक नेमण्याची योजना राज्य शासनाने २०१६ साली जाहीर केली होती. पण योजना आली म्हणून झिरो गेले नाहीत. खांबावरचा मुलगा मरतो तेव्हा तो आपला कर्मचारी नव्हता, असे सांगायला यंत्रणा मोकळी असते. आणि ते अक्षरशः खरे असते, हीच त्यातली क्रूरता. विद्युत अधिनियमाच्या १६१ व्या कलमाप्रमाणे अपघाताची खबर द्यावी लागते, विद्युत निरीक्षकामार्फत चौकशी होऊ शकते. मात्र चौकशीत मृताची योग्यता विचारली जाते, त्याला वर कोणी पाठवले हे तितक्या आग्रहाने विचारले जात नाही.

आता मूळ प्रश्नाचा तांत्रिक गाभा. वीजकामालाच प्रमाणपत्र का? सुताराला मागत नाही, गवंड्याला मागत नाही. याचे उत्तर आपण कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतले पाहिजे, कारण ते आपल्याला लोकांना समजावून सांगायचे आहे.

सुताराचे दार वाकडे झाले तर ते पहिल्याच दिवशी दिसते आणि घरधनी पैसे कापून घेतो. वायरिंगचा दोष गिलाव्याखाली जातो. दिवा लागतो, पंखा फिरतो, गिऱ्हाईक समाधानाने पैसे देते. आणि दोष दोन वर्षांनी, दहा वर्षांनी बाहेर पडतो. तोही पैसे देणाऱ्यावरच पडेल असे नाही. पहाटे नळाचे पाणी आले म्हणून ओल्या हातांनी मोटारीचे बटण दाबणारी बाई, पत्र्याच्या भिंतीला टेकून उभे राहिलेले मूल, भाड्याने नंतर राहायला आलेले कुटुंब, यांच्यापैकी कोणीही त्या कारागिराची निवड केलेली नसते. खरेदीदाराने माल पारखून घ्यावा हे बाजाराचे तत्त्व येथे लागू पडत नाही, कारण माल दिसत नाही आणि किंमत तिसराच मोजतो.

दुसरी गोष्ट फ्यूजची. फ्यूज असला म्हणजे आपण सुरक्षित, हा समज सुशिक्षितांतही आहे. फ्यूज किंवा एमसीबी तारेचे रक्षण करतो, माणसाचे नव्हे. पंधरा अँपिअरचा फ्यूज पंधराच्या वर बराच प्रवाह गेल्याशिवाय वितळत नाही. माणसाचा जीव घ्यायला एका अँपिअरचा लहानसा अंश पुरतो. अर्धा अँपिअर देहातून वाहत असताना फ्यूजला त्याचा पत्ताही लागत नाही. माणसाला वाचवतात त्या दोन गोष्टी: नीट केलेले अर्थिंग, आणि तीस मिलिअँपिअरची गळती होताच पुरवठा तोडणारे आर.सी.सी.बी. उपकरण. पहिली गोष्ट म्हणजे खड्डा खणणे, पट्टी किंवा नळी गाडणे, मोजून पाहणे. तिला खर्च आहे आणि ती दिसत नाही. म्हणून ती पहिल्यांदा टाळली जाते. भिंतीच्या कडेला गजाचा तुकडा ठोकून त्याला तार गुंडाळली की अर्थिंग झाले, असे मानणारे कारागीर आहेत. ते वाईट माणसे नाहीत. त्यांना कोणी शिकवले नाही एवढेच. आपली काळी जमीन पावसाळ्यात ओल धरते तेव्हा तो गजही कसाबसा काम देतो. वैशाखात तिला हातभर भेगा पडतात तेव्हा त्याच गजाचा मातीशी संबंध नावापुरता उरतो. जो मोजतो त्यालाच हे कळते. मोजायला शिकवावे लागते, आणि शिकला की नाही हे कोणीतरी तपासावे लागते.

देशात विजेच्या धक्क्याने मरणाऱ्यांची राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने प्रसिद्ध केलेली संख्या अलीकडच्या वर्षांत सातत्याने बारा हजारांच्या वर राहिलेली आहे. हे सर्व वायरमनच्या अज्ञानाने मेले असे मी म्हणत नाही. त्यात तुटलेल्या तारा आहेत, शेतातले आकडे आहेत, कुंपणात सोडलेला करंट आहे. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून दहा बालके गेली, तेव्हा राज्यभर रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेची आणि वीजसंचाच्या तपासणीची चर्चा झाली. ते तर शासनाचे रुग्णालय. त्याला तांत्रिक खाते असते, अभियंते असतात. ज्या खेड्यातील घराची तपासणी कधीच होत नाही, तेथे सुरक्षिततेची एकमेव शाश्वती म्हणजे काम करणाऱ्या माणसाचे ज्ञान.

आणि काम आता पूर्वीइतके साधे राहिलेले नाही. घराच्या छपरावर सौर पॅनेल बसवण्याची केंद्राची योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली, एक कोटी घरांचे लक्ष्य ठेवले गेले. शेतात सौर पंप आले. कंत्राट मोठ्या पुरवठादाराचे, पण छपरावर चढणारा मुलगा आपल्याच गावचा. सौर पॅनेलचा स्वभाव असा की, ऊन आहे तोवर त्याच्या तारांत दाब असतो. मुख्य बटण बंद केले तरी पॅनेल बंद होत नाही. एकदिश प्रवाहाची ठिणगी प्रत्यावर्ती प्रवाहाच्या ठिणगीसारखी आपोआप विझत नाही. चुकीच्या पद्धतीने जोडलेला जनित्र किंवा इन्व्हर्टर घरातून उलट खांबाकडे वीज पाठवतो, आणि लाईन बंद आहे असे समजून काम करणारा लाईनमन मरतो. हे पक्कड धरून वीस वर्षे काढलेल्या उस्तादालाही केवळ अनुभवाने कळण्यासारखे नाही.

आता विरोधी बाजू. ती आपल्या सोयीने दुबळी करून मांडण्यात अर्थ नाही. मिल्टन फ्रीडमन हा भांडवलशाहीचा कट्टर पुरस्कर्ता. त्याने १९६२ सालच्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात धंद्यांच्या परवान्यांवर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, परवान्याची मागणी ग्राहक क्वचित करतात, ती त्या धंद्यात आधीच बसलेले लोक करतात, कारण नव्यांना बाहेर ठेवणे त्यांना हवे असते. हे म्हणणे समाजवाद्यांनी झटकून टाकू नये. निरीक्षण खरे आहे. आपल्या देशाइतके ते कोणाला कळावे? धंद्याच्या दारावर पहारा बसवण्याची कला आपण जातिव्यवस्थेत पूर्णत्वाला नेली होती. जातिव्यवस्था ही श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, हे डॉ. आंबेडकरांनी १९३६ सालीच दाखवून दिले.

पण येथे एक गोष्ट लक्षात घ्या. बारा बलुतेदारांत वायरमन नाही. वीज गावात आली ती बलुतेदारी मोडत असताना, म्हणून या कामाला जात चिकटली नाही. आपल्या जिल्ह्यात बौद्ध, मुसलमान, मराठा, वंजारी, धनगर, सर्व समाजांतील मुले हे काम करताना दिसतात. मराठवाड्यातील खेड्यात हाताचे कसब लागणारा आणि जन्माने न ठरलेला असा दुसरा धंदा शोधून दाखवा. मोटार-मेकॅनिक सोडला तर फार थोडे सापडतील. आणि नेमक्या याच कारणाने सरकारच्या कल्पनेत हा कारागीर बसत नाही. १७ सप्टेंबर २०२३ रोजी, म्हणजे आपल्या मुक्तिदिनीच, पंतप्रधान विश्वकर्मा योजना सुरू झाली. तिच्यात अठरा व्यवसाय आहेत: सुतार, लोहार, कुंभार, सोनार, चांभार, न्हावी, परीट, शिंपी वगैरे. त्या कारागिरांना प्रमाणपत्र, ओळखपत्र, दिवसाला पाचशे रुपये विद्यावेतनासह प्रशिक्षण, आणि अवजारांसाठी पंधरा हजार रुपये. चांगले आहे, मिळालेच पाहिजे. पण त्या अठरांत वीजकारागीर नाही. बापाकडून मुलाकडे चालत आलेला तोच कारागीर, अशी दृष्टी असल्यावर ज्याने धंदा स्वतः निवडला त्याला जागा कोठून मिळणार?

म्हणून फ्रीडमनला माझे उत्तर असे की, पहारेकरी कोण आणि दार कसे, यावर सारे अवलंबून आहे. जर्मनीचे उदाहरण बोधप्रद आहे. तेथे स्वतंत्र धंदा करायला उस्तादकीची परीक्षा, त्यांच्या भाषेत ‘माइस्टर’ची, लागत असे. २००४ साली त्यांनी ५३ व्यवसायांतून ती अट काढून टाकली, पण वीजकामाची अट ठेवली, कारण तेथे चुकीची किंमत जिवाने मोजावी लागते. पुढे मोकळ्या केलेल्या धंद्यांत एकेकट्या कारागिरांची गर्दी झाली, शिकाऊ उमेदवार घेणारे कमी झाले, आणि २०२० साली फरशी बसवण्यासारख्या बारा व्यवसायांत ती अट परत आणावी लागली. जर्मनीचे अनुकरण करा असे मी म्हणत नाही. तेथे परीक्षेच्या मागे शिकाऊ उमेदवारीची भक्कम व्यवस्था आहे. आपल्याकडे परीक्षा आहे आणि मागे पोकळी आहे.

ही पोकळी म्हणजे काय ते पाहा. आय.टी.आय.मध्ये वीजतंत्री हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, त्याला दहावी उत्तीर्ण व्हावे लागते. तारतंत्रीलाही दोन वर्षे, तेथे आठवी चालते. जो मुलगा आज गावात काम करतो आहे, ज्याच्यावर घर आहे, तो काम सोडून दोन वर्षे परभणीला राहणार कसा? त्याचे शिक्षण उस्तादाच्या हाताखाली झाले. टिकाव घेऊन भिंत फोडण्यापासून त्याने सुरुवात केली, मग पेटी बसवणे, मग जोड. हे शिक्षण खरे आहे, पण अर्धे आहे. उस्तादाला जे येत नव्हते ते त्यालाही येत नाही. एकलव्याला विद्या आली, पण गुरूने नाव लावू दिले नाही, इतकेच नव्हे तर दक्षिणा म्हणून अंगठा मागितला. आपली व्यवस्था या मुलाकडून तेच मागते आहे: काम तू कर, सही आमची.

तेव्हा आपली मागणी काय असावी? सक्ती हवी, असे मी स्पष्ट म्हणतो. कंत्राटदाराचा परवाना असलेल्या एकट्या कारागिरालाही स्वतःच्या हाताचे प्रमाणपत्र असलेच पाहिजे, त्यात सूट नको. परंतु ते प्रमाणपत्र मिळण्याची वाट शासनाने त्याच्या दारापर्यंत आणली पाहिजे. परीक्षा जिल्ह्याच्या ठिकाणी, जमल्यास उपविभागाच्या ठिकाणी, मराठीत, आणि मुख्यतः हाताची असावी. मेगर समोर ठेवा, मोजायला सांगा. पेटीतला दोष शोधायला सांगा. अर्थिंगचा खड्डा कसा भराल ते तोंडी विचारा. निबंध लिहून घेऊ नका. इतकी वर्षे काम केल्याचा अनुभव पात्रता म्हणून धरा. पूर्वानुभवाला मान्यता देणारी तरतूद केंद्राच्या कौशल्य योजनेत २०१५ पासून आहे. पण काही दिवसांच्या वर्गानंतर मिळणारा तो कागद विद्युत निरीक्षकाच्या टेबलावर परवाना म्हणून चालत नाही, हा त्यातला पोकळपणा. कौशल्य खात्याचा दाखला आणि ऊर्जा खात्याचा परवाना यांची सोयरीक जुळवणे हे सरकारचे काम आहे, गंगाखेडच्या पोराचे नव्हे.

दुसरे, परवान्याला पायऱ्या असाव्यात. २३० व्होल्टचे घरगुती काम एका पायरीवर, ४१५ व्होल्टचा तीन फेजचा शेतीपंप पुढच्या पायरीवर, सौर आणि इन्व्हर्टरचे काम त्याच्यापुढे. आज एकच मोठी भिंत आहे. जो ती चढू शकत नाही तो तिच्या बाहेर राहून सगळेच करतो.

तिसरी गोष्ट पर्यवेक्षकाची, आणि येथे आपल्याला स्वतः काही करता येईल. आठ-दहा कारागिरांनी सहकारी संस्था केली, एक पर्यवेक्षक सर्वांनी मिळून ठेवला, मेगर आणि अर्थ टेस्टर सामाईक घेतले, कंत्राटदाराचा परवाना संस्थेच्या नावाने काढला, तर सहीचे भाडे बाहेर जाणार नाही आणि देखरेख खरोखर होईल. मजूर सहकारी संस्थांचा आपल्या राज्याला मोठा अनुभव आहे. तो सगळा चांगला नाही. कागदावरचे मजूर आणि मोटारीतून फिरणारे चेअरमन आपण पाहिलेले आहेत. म्हणून सभासद तोच ज्याच्या हातात पक्कड, हा दंडक पहिल्या दिवशी घालावा लागेल.

परवाना म्हणजे जाच, असे मानणाऱ्यांनी हमालांचा इतिहास आठवावा. बाजार समितीतील हमालाचा बिल्ला हा नियंत्रणाचा बिल्ला होताच; पण नोंद झाल्यावर हमाल मोजता येऊ लागला, आणि मोजता आल्यावर संघटित करता आला. त्याच बळावर १९६९ चा माथाडी कायदा उभा राहिला. वीजकारागिराची आज कोठेही मोजदाद नाही. बांधकाम कामगार कल्याण मंडळाकडे वायरिंगचे काम करणाऱ्याला नोंदणीचा हक्क आहे, पण वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो. तो मिळवणे याला सोपे नाही, कारण याला तर मालकच नाही. त्याच्या स्वतःच्या परवान्यावरच ही नोंदणी व्हावी, अशी मागणी आपण केली तर प्रमाणपत्राच्या सक्तीकडे तो ओझे म्हणून पाहणार नाही. कागद काढला तर अपघातात घरच्यांना काही मिळेल, हे त्याच्या बायकोला कळले की अर्जाची आठवण तीच करून देईल.

राहिला दंडाचा प्रश्न. कारवाई व्हावी, पण क्रम ठरलेला असावा. पहिली कारवाई घर न पाहता टेस्ट रिपोर्टवर सही करणाऱ्यावर. दुसरी, बिनपरवाना माणसाला खांबावर चढवणाऱ्या अधिकाऱ्यावर. तिसरी, स्वस्तात काम उरकण्यासाठी अर्थिंगचा खर्च कापणाऱ्या बांधकाम व्यावसायिकावर. या तिघांची दारे ठोठावून झाल्यावर, आणि परीक्षेची सोय जिल्ह्यात होऊन पुरेशी मुदत दिल्यानंतर, मग शिडीवरच्या माणसाकडे वळावे.

जिल्ह्यात नऊ तालुके आहेत. प्रत्येक तालुका समितीने पुढील बैठकीपूर्वी आपल्या भागात हे काम करून पोट भरणारे किती, त्यांपैकी कोणाकडे कोणता कागद आहे, कोणाच्या सहीखाली ते काम करतात आणि सहीला काय मोजतात, याची यादी करावी. नावे बाहेर फुटणार नाहीत, असा शब्द आधी द्यावा, नाही तर कोणी तोंड उघडणार नाही. यादी हाती आली की, विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयात आणि आय.टी.आय.च्या प्राचार्यांकडे शिष्टमंडळ न्यावे. त्या शिष्टमंडळात बोलणारे आपण नसावे. त्या कारागिरांपैकीच दोघे-तिघे असावेत. त्यांना पुढच्या बैठकीला घेऊन या.